पावणेदोन तास धरलेली खिडकी

"कोणी आहे का? अहो... कोणीतरी या ना!"

चौथ्या मजल्यावरच्या एका दाराचं कुलूप बदलून ती जिना उतरत होती. खांद्याला हत्यारांची पिशवी, ओठांत धरलेला एक स्क्रू... आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अर्धवट उघड्या दारातून ही हाक आली. हाक कसली, काकुळतीच ती! तोंडातला स्क्रू पोटात जाता जाता राहिला.

तिने दार ढकललं, आत पाहिलं आणि जागच्या जागी थिजली.

एक तरुण चक्क खिडकीला मिठी मारून उभा होता. दोन्ही हात फैलावलेले, गाल काचेला चिकटलेला, पायांत मोजे आणि ते मोजे गुळगुळीत फरशीवरून इंचाइंचाने मागे सरकत होते. खिडकीचं अख्खं तावदान चौकटीतून सुटून तिरपं होऊन त्याच्या अंगावर कललं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सोडा," ती म्हणाली.

"काय?"

"खिडकी. सोडा ती."

"सोडू? अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? दोन काचांची आहे ही! चाळीस किलो तरी—"

"पस्तीस. आणि पडणार नाही. सोडा."

"तुम्हाला काय माहीत?"

"खिडक्या-दारं दुरुस्त करते मी."

मान वळवायची सोय नव्हती, म्हणून त्याने नुसते डोळे वळवले. आधी पिशवी पाहिली, मग तिला, मग पुन्हा पिशवी. "तुम्ही?"

"छे, पिशवी करते. मी आपली तिला उचलून आणते. सोडताय की जाऊ?"

त्याने एक बोट सोडलं. मग दुसरं. मग डोळे घट्ट मिटून दोन्ही हात एकदम काढले आणि उडी मारून मागे झाला. तावदान होतं तिथेच राहिलं. किंचित डुललं, इतकंच.

ती जवळ गेली. वरच्या कोपऱ्यातली बारीक कळ अंगठ्याने दाबली, तावदान चौकटीला टेकवलं, हँडल आडवं केलं, मग खाली. खिडकी निमूटपणे बंद झाली.

"हँडल आडवं केलं की ही दारासारखी उघडते. वर केलं की वरून थोडी आत कलते, हवेपुरती. तुम्ही ती उघडी असतानाच हँडल वर केलंत. बिचारीला कळेना, उघडू की कलू. तिने दोन्ही केलं. पण खालची बिजागरी आणि वरचा दांडा तिला सोडत नाहीत कधी."

"म्हणजे..." तो म्हणाला, "मी धरली नसती तरी..."

"तरी अशीच राहिली असती. किती वेळ उभे होता?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याचा वासलेला आ मिटेना. "पावणेदोन तास!"

तिने ओठ चावला, खाली पाहिलं, पिशवीचा बंद उगाच सोडला, बांधला. पण हसू काही आवरेना. "वाया नाही गेले हो... दंडांना व्यायाम झाला."

आधी ती हसली, मग तो. थरथरणारे हात बगलेत दाबून तो हसत होता आणि हसताना त्याच्या गालावर काचेचा गोल लाल वळ उठून दिसत होता. अशा अवतारातला माणूस आवडावा, हे तिला स्वतःलाच विचित्र वाटलं.

आता तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून मामाने लहानपणीच ठेवलेलं नाव. मामाचं दुकान होतं, दोन काचांच्या खिडक्या-दारांची कुलपं, हँडलं, बिजागऱ्या दुरुस्त करण्याचं. सहा महिन्यांपूर्वी मामाच्या हातापाया पडून तिने पिशवी मिळवली होती. मामा तयार झाला, पण दुकानाचा नियम तिलाही लागू होता. एकाच कामाची तक्रार तीनदा आली, तर त्या माणसाने हत्यारं खाली ठेवायची आणि कायमचं फोनवर बसायचं. तिच्याआधी एकजण असाच बसला होता आणि दिवसभर 'नमस्कार, बोला' म्हणत होता. टाचणीला ते स्वप्नातसुद्धा नको होतं. अडलेलं कुलूप हाताखाली 'कट्' करून सुटलं की तिचा दिवस गोड व्हायचा.

त्या दिवशी तिने खालची बिजागरी तपासली. तावदान लटकल्यामुळे ती ताणली गेली होती. पान्यासारख्या बारीक चावीने स्क्रू आवळला आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा पट्टीवर.

"हे काय? शृंगार?" त्याने विचारलं.

"खूण. स्क्रू जरा फिरला तरी ठिपका तुटतो. मग मला कळतं."

"आणि नखांना?"

तिने तुटकी, काळवंडलेली नखं पाठीमागे लपवली. "नखांना परवडत नाही ती चैन."

बाहेर वारा सुटला होता. समोरची झाडं वेड्यासारखी हलत होती, पावसाचे थेंब काचेवर आपटत होते आणि खोलीत त्यातलं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. "बघू हं," म्हणून त्याने टेबलावरचं पुस्तक उचललं. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, हेच त्याचं काम. या खोलीत, या खिडकीच्या भरवशावर. त्याने एक ओळ वाचली, कुठल्याशा बंदरावरच्या धुक्याची. मघाशी 'वाचवा वाचवा' करणारा तोच हा माणूस? इतका खोल, शांत आवाज? टाचणीच्या हातातली चावी फरशीवर पडली.

"घाबरलात?"

"नाही... निसटली," ती म्हणाली. आणि कान तापले म्हणून खाली वाकून उगाच बराच वेळ चावी शोधत राहिली.

तेवढ्यात त्याचे बाबा फिरून आले. कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते, आता निवृत्त. तिच्या पिशवीकडे नजर गेली मात्र, गृहस्थ तिथेच बैठक मारून बसले. कुठली चावी कशाला, हे असं का, ते तसं का... दोघं तासभर बोलत बसली. तिला त्यांच्याशी बोलायला आवडलं. मुलाशी बोलायला आवडलं त्यापेक्षा जरासं कमी, पण आवडलं.

आठ दिवसांनी दुकानात तक्रार आली. तीच खिडकी.

"शीळ घालते," त्याने दार उघडताच सांगितलं.

"कोण?"

"खिडकी हो! मी नाही."

"बरं झालं खुलासा केलात. नाहीतर तक्रार मीच करणार होते."

तो लाजला आणि तिला ते फारच गोड वाटलं... पण बिजागरीशी वाकली आणि तिचं हसू मावळलं. स्क्रू ढिला. ठिपका पुसलेला. आपल्या हातून आवळायचा राहिला की काय? तिने दुप्पट काळजीने काम केलं. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, तिचा प्रत्येक हात बघत.

पुन्हा दहा दिवसांनी तीच शीळ, तीच तक्रार.  या वेळी तिने ठिपका दिला आणि वर प्लॅस्टिकचं झाकण बसवलं, कुणाचं फडकंसुद्धा पोचू नये म्हणून. निघताना तो दारापर्यंत आला. "एक सांगू? खिडकी बिघडली की मला आधी राग येतो आणि मग..."

"मग?"

"...मग मी शर्टाला इस्त्री करतो."

ती जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली. तक्रार आपल्या कामाची होती, नाचायचं काय त्यात, हे तिला तळमजल्यावर पोचल्यावर आठवलं.

आणि पुढच्या सोमवारी तिसरी तक्रार आली.

मामाने फोन ठेवला, चष्मा काढला. "भाचे, पिशवी ठेव."

"मामा, एकदा बघून येते—"

"नियम तो नियम. तुला सूट दिली तर बाकीचे माझ्या तोंडावर हसतील. त्या गिऱ्हाइकालाही सांगितलंय, उद्या दुसरा माणूस येईल, मुलीला बसवलंय फोनवर."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. सहा महिन्यांत चुकलेलं एक काम नाही आणि एका खिडकीने होत्याचं नव्हतं केलं! ती फोनसमोर बसली. रडू येत होतं, पण दुकानात रडायचं नाही हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

तासाभराने फोन वाजला. "नमस्कार, बोला," ती कशीबशी म्हणाली.  पलीकडून तो ओळखीचा खोल आवाज आला, "मामांना द्या... प्लीज."

मामा ऐकत गेला. त्याच्या भुवया वर, आणखी वर चढत गेल्या. फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. "हा आवाजवाला म्हणतो... म्हणतो, 'मला तुमची भाची आवडते. ती परत यावी म्हणून मीच स्क्रू ढिले केले. तिचं काम चोख होतं.'"

दुकानात क्षणभर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग मागच्या बाकावरचे तिघंही कारागीर एकदम फिदीफिदी हसले.

टाचणी मात्र उभीच्या उभी गार पडली. आवडते? मीच ढिले केले? कोणत्या शब्दाने जास्त धक्का बसला, तिला ठरवता येईना.

"म्हणजे माझं काम बरोबर होतं! पिशवी दे, मामा."

"पिशवी?" मामा म्हणाला. "आता तर मुळीच नाही. मुलगी पाठवली की लोक खिडक्या मोडून ठेवणार, अशी का माझ्या दुकानाची कीर्ती करायची? तुझ्या आईला काय तोंड दाखवू? तू आपली इथेच बरी."

तिच्या कामावर बोट होतं तेव्हा ती निदान भांडू शकत होती. आता भांडायलाही जागा उरली नाही. ज्याने वाचवायला हात दिला, त्यानेच पुरतं बुडवलं होतं. मामा चहाला वळला आणि तिने पिशवी उचलली, ती थेट तिसऱ्या मजल्यावर.

त्याने दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून दोन पावलं मागे सरकला.

"तुम्ही माझी नोकरी वाचवली असं वाटतंय ना तुम्हाला?" ती कडाडली. "मामा आता मला कुठल्याच घरी पाठवणार नाही! दुकानात हसतायत सगळे! सहा महिने मी मान मोडून काम केलं ते काय यासाठी?"

"मला... मला वाटलं, दोष माझ्यावर आला की तुम्ही सुटाल. तुम्हाला फोनवर बसवलंय म्हणाले, मग मला राहवेना..."

"आणि लाज नाही वाटली? माझा जीव त्या कामात, आणि तुम्ही खुशाल स्क्रू फिरवत बसलात!"

त्याची मान खाली.

"दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"कसे फिरवलेत. करा माझ्यासमोर." तिने चाव्यांचा जुडगा त्याच्या हातात कोंबला.

तो खिडकीपाशी गेला. चाव्या उलटसुलट करून पाहिल्या. एक निवडली, नेमकी सगळ्यांत जाडी. मग गंभीर चेहऱ्याने ती वरच्या कोपऱ्यात खुपसायला लागला.

"ती वरची आहे," टाचणी म्हणाली. "ढिली खालची झाली होती."

"हो, हो... खालचीच." तो खाली बसला. झाकण नखाने उचकटायला गेला, नख तुटलं, "आई गं!" म्हणून बोट तोंडात घातलं.

तिला काहीतरी खटकलं. त्याला बाजूला सारून तिने झाकण काढलं. आत पाहिलं आणि बघतच राहिली. लाल ठिपका मधोमध तुटला होता, अगदी स्वच्छ. स्क्रूच्या डोक्यावर एक ओरखडा नाही. झाकणाच्या कडेला व्रण नाही. नेमका सव्वा फेरा फिरवून ठेवला होता आणि झाकण पुन्हा जसंच्या तसं बसवलं होतं. हा हात सराईत माणसाचा होता. आणि शिवाय... ज्याचं पोट शांततेवर चालतं, तो आपल्याच खिडकीला शीळ घालायला लावील?

"तुम्ही नाही केलं हे," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला येतच नाही."

 त्याची नजर नको तिकडे गेली, आतल्या खोलीच्या दाराकडे. तिथे बाबा उभे होते. हातात स्वतःची जुनी बारीक चावी होती.

"मी केलं, पोरी," ते म्हणाले.

टाचणी भिंतीला टेकली. काका? तिचा एकेक स्क्रू कौतुकाने बघणारे काका?

"पहिल्यांदा नुसतं बघायला उघडलं. तू कसं बसवलंयस ते. पस्तीस वर्षं यंत्रं उघडली, आता या घरात उघडायला काय आहे? डबे? जरा ढिलंच राहिलं माझ्या हातून. मग तू आलीस. बोललीस. मला विचारलंस, काका, तुमच्या वेळी हे कसं करायचे?" त्यांनी चावी मुठीत मिटली. "याची आई गेल्यापासून मला असं कोणी काही विचारलं नव्हतं. पुढच्या दोन वेळा मी जाणूनबुजून केलं."

"बाबा, मी आहे ना घरात..."

"आहेस. त्या दाराआड वाचत असतोस. तुझं काम शांततेचं. मला खोकला आला तरी मी तोंडावर उशी दाबतो रे."

मुलगा हादरला. "उशी?" तो बाबांजवळ गेला. मग कसाबसा म्हणाला, "मला मघाशी, तक्रार करून झाल्यावर, तुमच्या उशाखाली चावी दिसली. मला वाटलं... तुम्ही माझ्यासाठी करताय. आमचं दोघांचं काही जुळावं म्हणून."

"तुझ्यासाठी?" बाबांनाच धक्का बसला. "तुझं तू बघ की! घोडा झालास एवढा! मी माझ्यासाठी केलं."

टाचणीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं. राग होता, पण तो धरायला आता कोणी सापडत नव्हतं. "काका, मला कायमचं फोनवर बसवतायत हो," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे फोन मागितला आणि मामाला लावला.

"मी त्या आवाजवाल्याचा बाप बोलतोय. माझा मुलगा खोटं बोलला. स्क्रू मी फिरवले... हो, तिन्ही वेळा मीच. ओरडा नंतर, आधी ऐका. मी फिटर आहे, पस्तीस वर्षांचा. तुमच्या भाचीने आवळलेला स्क्रू तिला कळू न देता सोडवायला मला पाऊण तास लागला. पाऊण तास! आणि तरी तिने ओळखलंच. अशी कारागीर फोनवर बसवणार असाल, तर नुकसान तुमचं आहे, माझं नाही. मी उद्या दुकानात येतो आणि तुमच्या माणसांसमोर हेच सांगतो."

 मामा म्हणाला, "पोरीला द्या."

"हं, मामा."

"पाऊण तास म्हणाला तो?"

"हो."

"उद्या आठला ये. एक सरकतं दार अडलंय, कोणाला जमेना झालंय. तक्रारी खोडल्या मी." टाचणीने डोळे पुसले. मामा घसा साफ करून पुढे म्हणाला, "आणि काय गं... तो पोरगा ते जे म्हणाला, तू आवडतेस वगैरे... तेही खोटंच ना?"

तिने फोन कानाजवळच धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. बाबा कधीच आत निघून गेले होते. तो खिडकीशी उभा होता, तुटक्या नखाचं बोट दुसऱ्या हातात धरून.

"मामा विचारतोय," ती म्हणाली. इतक्या टोकदार मुलीचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "फोनवर बोललात ते... सगळंच खोटं होतं का?"

 रोज तासन्‌तास दुसऱ्यांची वाक्यं न अडखळता वाचणारा माणूस आपल्या एका वाक्यासाठी तीनदा अडला.

"दुसरं वाक्य... खोटं होतं," तो म्हणाला. "स्क्रूचं."

"आणि पहिलं?"

"पहिलं... पहिलं खरं आहे. पहिल्या दिवसापासून."

"हॅलो? हॅलो?" मामा फोनमध्ये ओरडत होता. "काय म्हणतो तो?"

"मामा, कामाचं बोलून झालं ना? ठेवते मग," ती म्हणाली आणि फोन ठेवला. छातीत असं काही धडधडत होतं की त्या शांत खोलीत ते त्याला नक्की ऐकू जात असणार, असं तिला वाटलं. खरं म्हणजे आपल्यालाही तो आवडतो, हे तिला गेले कित्येक दिवस ठाऊक होतं. पण त्याने तोंडावर सांगितलं नव्हतं तोवर धीर धरवला होता.

"पुढच्या वेळी तक्रार करू नका," ती म्हणाली. "मला बोलवायचं असेल तर नुसतं ये म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

तो एक पाऊल पुढे आला. "ये."

"आत्ता तर आलेच आहे."

"मग... जाऊ नकोस."

टाचणीकडे प्रत्येक बोलण्याला उत्तर असायचं. या वेळी तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.